तुमची खुशाली कळवावी

नोव्हेंबर उजाडला की आज्जीला घेऊन तालुक्याला जावं लागायचं. हयातीचा दाखला द्यायचा असायचा. दुसऱ्या महायुद्धात लढले, पण नोकरीची वर्षं कमी भरली म्हणून पेन्शनीत बसले नाहीत, अशा सैनिकांना आणि त्यांच्या माघारी त्यांच्या विधवांना आपलं राज्य सरकार दरमहा मानधन देतं. त्यासाठी वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत असं कागदावर सांगावं लागतं. आज्जी डावा अंगठा निळ्या शाईच्या पॅडवर दाबायची, कागदावर टेकवायची आणि पदर किंचित मागं सारून तो केसांना पुसायची. केस पांढरेशुभ्र झालेले, त्यामुळं कानाच्या वर एक निळसर डाग दोन-चार दिवस दिसत राहायचा.

तिला सही येत होती. प्रौढशिक्षणाच्या रात्रीच्या वर्गात ती शिकली होती आणि सोसायटीच्या कागदांवर मोठ्या अभिमानानं, जोडाक्षराशी थोडं थांबून, पूर्ण नाव लिहायची. पण या एका कागदावर अंगठाच. एकदा मी विचारलं, तर म्हणाली, "लढाईचं काम पहिल्यापास्नं अंगठ्यावर चालत आलंय. आता कशाला बदलायचं?"

त्या बोलण्याचा अर्थ मला ती गेल्यावर कळला.

आज्जी २०११ साली गेली. तेराव्यानंतर माळवदाच्या आतल्या खोलीतली आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची, काळी ट्रंक आम्ही उघडली. झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचा नंबर, निम्मा उडालेला. आत कडक झालेली खाकी गेटीस, पे-बुक, दोन-तीन पदकं, आणि मेणकापडात गुंडाळलेलं कागदांचं पुडकं. पुडक्यात सगळ्यात वर आठ चिटोऱ्या. मनीऑर्डरीच्या पोचपावत्या. मनीऑर्डरीच्या फॉर्मचा हा तुकडा पैसे घेणाऱ्याची सही घेऊन पाठवणाऱ्याकडे परत जायचा. आबा बेळगावात रंगरूट असताना स्वतः पोस्टात जाऊन पैसे पाठवत. थोरल्या भावावर, म्हणजे दादांवर, सावकाराचं देणं होतं. म्हणून मनीऑर्डर आज्जीच्या नावे निघायची. आठ पावत्या, आठ अंगठे. पुढं पलटण समुद्रापार गेली, घरी पैसे पलटणीच्या कचेरीतून परस्पर येऊ लागले आणि पावत्या आबांकडे यायच्या थांबल्या. त्या आठ मात्र त्यांनी सगळीकडं बरोबर नेल्या. बायकोच्या हातचं म्हणून त्यांच्याजवळ तेवढंच होतं.

पुडक्यात घरून त्यांना गेलेली पत्रं होती. त्यांनी घरी पाठवलेली पत्रं आज्जीनं देव्हाऱ्यामागच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली होती. सत्तर वर्षं एकाच घरात, एका भिंतीच्या दोन बाजूंना, ही दोन्हीकडची पत्रं पडून होती. मी तारखा लावून ती एकाआड एक वाचली. आठवडा गेला. कुणाचं तरी बोलणं चोरून ऐकल्यासारखं वाटत राहिलं, आणि तरी थांबवेना.

*

आमचं गाव सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात. पाऊस महाबळेश्वराच्या बाजूला पडून संपतो, आमच्या वाट्याला ढगांची सावली येते. येरळा नदी आहे, पण वर्षातले बरेच महिने तिच्यातून बैलगाडी जाते. अशा मुलखात धाकट्या भावानं मुंबईच्या गिरणीत जायचं किंवा पलटणीत, हे आधीच्या दोन पिढ्यांत ठरून गेलं होतं. गावाच्या जुन्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. पहिल्या महायुद्धात, म्हणजे १९१४ ते १९१९ या काळात, या गावातून इतके लोक गेले आणि त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले, असे फक्त दोन आकडे. नाव एकही नाही. जिल्ह्यात अशा पाट्या कितीतरी गावांत आहेत. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याचं तर नावच अपशिंगे मिलिटरी पडलं. त्या एका गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. चावडीपुढं सूरपाट्या खेळत वाढलेल्या पोरांना 'गेले' आणि 'आले नाहीत' हे दोन आकडे पाढ्यांसारखे पाठ असायचे.

आबा १९४१ च्या सुरुवातीला भरती झाले. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये. ही १७६८ सालची पलटण, तिला जंगी पलटण म्हणतात. शिपायाचा पगार लढाई सुरू झाली तेव्हा महिना १६ रुपये होता, पुढं १८ झाला. आबा का गेले, याचं उत्तर घरात कुणी कधी लपवलं नाही. विहिरीसाठी गेले. वडिलांनी अर्धवट खोदलेली विहीर कातळाला लागून थांबली होती, सुरुंगाच्या दारूला आणि वडारांच्या मजुरीला पैसे नव्हते. घरातल्या एकानं पगार आणायचा आणि दोघांनी खोदायचं, असा साधा हिशेब झाला. आमच्या त्या विहिरीला आजही भावकीत इटलीची विहीर म्हणतात. मार्चपर्यंत पाणी असतं.

हे इतक्या उघडपणे लिहायचं कारण आहे. आबांचा विषय निघाला की दोन प्रकारची माणसं भेटतात. एक म्हणतात, म्हणजे ते इंग्रजांसाठी लढले, पगारी नोकर. दुसरी माणसं पंधरा ऑगस्टला त्यांच्या फोटोला हार घालून त्यांच्या तोंडी जी भाषणं घालतात, तसं एक वाक्यही ते आयुष्यात बोलले नाहीत. मला दोन्ही ऐकवत नाही. त्या युद्धात पंचवीस लाखांच्या आसपास माणसं भारतीय सैन्यात होती, त्यातली ८७ हजारांवर परत आली नाहीत. एवढ्या माणसांना दोन शब्दांत कोंबता येत नाही. माझ्या आबांपुरतं मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो, की ते विहिरीसाठी गेले आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसासाठी लढले.

आणि त्यांच्या मागं गावात काय चाललं होतं? ९ सप्टेंबर १९४२. वडूजच्या मामलेदार कचेरीवर मोर्चा गेला. परशुराम घार्गे पुढं होते. गोळीबार झाला आणि नऊ माणसं मेली. आमच्या गावाहून वडूज पायी जाण्याएवढं. आबांचे सख्खे चुलत भाऊ त्या मोर्चात होते. रात्री उशिरा येरळेच्या पात्रातून घरी आले, धोतराला रक्त होतं, दुसऱ्याचं. आज्जीनं ते धोतर पहाटे उजाडायच्या आत धुतलं. तेव्हा तिचा नवरा सरकारी वर्दीत इराकात होता. घराच्या एका खुंटीवर त्याचा जुना कोट आणि दुसरीवर सरकारविरोधी मोर्चातून आलेल्या माणसाची टोपी. पुढं क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं, आमच्या घराच्या वैरणीच्या कोठीत कधीमधी अनोळखी माणसं झोपून जायची. भाकरी आज्जीच थापायची. त्या भाकरीचं पीठ आबांच्या पगारातून आलेलं असायचं.

ऑक्टोबर १९४२ चं घरून गेलेलं पत्र मी पुनःपुन्हा वाचलं. शाळामास्तरांच्या वळणदार अक्षरात आहे. "पाऊस बरा. बाजरी हाती आली. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. इकडील सर्व मंडळी खुशाल आहेत. तुमची खुशाली कळवावी." वडूजबद्दल अक्षर नाही. सेन्सॉर पत्र फोडतो, हे मास्तरांना ठाऊक होतं. घरादाराला जप्त्या-झडत्यांची धास्ती होती. आणि पोरगं परमुलखात, त्याच्या डोक्यात कशाला काही भरा, हेही होतंच.

*

खुशाल. या एका शब्दावर ती पाच वर्षं चालली.

आबांची पत्रं दादांना असायची. "तीर्थरूप दादांचे सेवेशी साष्टांग नमस्कार विनंती विशेष." नवऱ्यानं बायकोला पत्र लिहायची रीत नव्हती. आज्जी त्या पत्रांत फक्त "घरातील सर्वांस" या शब्दांत असायची. आणि घरून जाणाऱ्या पत्रात मास्तर लिहायचे, "तुमची घरची मंडळी खुशाल आहेत." आज्जी हे सांगताना हसायची. "ती मंडळी म्हंजे मी एकटी बरं का!" मास्तर पत्र वाचायला ओसरीवर बसले की ती आत उंबऱ्याशी, दाराच्या आड उभी राहायची. तिच्या सतरा-अठराव्या वर्षाचे कान त्या ओसरीकडं लागलेले असायचे. पत्र वाचून संपलं की दादा ते आत टाकायचे. तिला वाचता येत नव्हतं, तरी ते तिच्याकडं राहायचं.

आबा लिहायचे, "मी येथे खुशाल आहे. कोठे आहे ते लिहिता येत नाही. जेवण चांगले मिळते. विहीर किती हात झाली ते कळवावे." बैलाचा खांदा सुजला होता त्याला काय लावलं, मधल्या भावाचं लग्न ठरलं का, सावकाराचं व्याज किती फिटलं. एकेका पत्रात विहिरीची चौकशी तीन-तीन वेळा.

ही पत्रं कुठून लिहिली जात होती, ते मी आता पे-बुकातल्या नोंदी आणि पलटणीचा इतिहास जुळवून पाहू शकतो. १९४३ च्या सप्टेंबरात आठवी भारतीय डिव्हिजन, जिच्यात आबांची पलटण होती, इटलीच्या टाचेवर, तारान्तोला उतरली. मग एड्रियाटिक समुद्राच्या बाजूनं वर, एकामागून एक नद्या. इटलीच्या मधोमध डोंगराची रांग, तिच्यातून उतरणारी प्रत्येक नदी आडवी येते, आणि जर्मनांनी प्रत्येक नदीचा पलीकडचा काठ धरून ठेवलेला. त्रिन्यो, सांग्रो, मोरो. नोव्हेंबरात सांग्रोला पूर आला आणि सैन्यानं बांधलेले पूल वाहून गेले. चिखल गुडघ्याएवढा. त्याच महिन्यातलं आबांचं पत्र आहे, "येथे पाऊस चांगला आहे. आपल्याकडे असा पडता तर बरे झाले असते."

ते वाक्य मी दहा वेळा तरी वाचलं असेल. त्यात खोटं काहीच नाही. खटावच्या माणसाला पाऊस दिसला की असंच वाटणार. पण त्या पावसात त्यांचा जोडीदार गेला होता.

जोडीदार म्हणजे शेजारच्या गावचा, एकाच दिवशी भरती झालेला. बेळगावात दोघांच्या खाटा शेजारी. त्याच्या घरी पलटणीच्या कचेरीतून कागद आला, तो वाचायलाही आमचेच मास्तर गेले. परत आल्यावर आबा त्याच्या बायकोला भेटायला गेले. आज्जी बरोबर होती. आबांनी त्या बाईला सांगितलं, की गोळी लागली ती छातीतच, त्याला काही कळलंसुद्धा नाही, पाण्याचा घोटही मागितला नाही. ती बाई सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "बरं झालं भावजी, तुम्ही सांगितलंत." घरी येताना आज्जीनं वाटेत विचारलं, खरंच तसं झालं का? आबांनी उत्तर दिलं नाही. गाव येईपर्यंत ते पुढं आणि ती मागं, अशी दोघं चालत राहिली.

राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाची नोंदवही आता कुणालाही पाहता येते. सांग्रो नदीकाठच्या स्मशानात एक स्मारक आहे, आपल्या धर्माप्रमाणे दहन झालेल्या पाचशेहून अधिक भारतीय सैनिकांचं. मी एका रात्री त्या जोडीदाराचं नाव शोधलं. सापडलं. नंबर, पलटण, तारीख, आणि शेवटी एक ओळ, अमक्याचा मुलगा, अमकीचा पती, गाव अमुक, जिल्हा सातारा. इंग्रजांच्या कारकुनानं ऐकून लिहिलेलं, मोडकंतोडकं, पण तिचं नाव. तिच्या पुतण्याच्या मुलाला मी ओळखतो, त्याला फोन केला. विचारलं, तुमच्या त्या आज्जीचं नाव काय होतं रे? तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "आम्ही सगळे तिला थोरली आईच म्हणायचो." तिच्या पेन्शनीवर त्या घरातल्या तीन मुलांची शिक्षणं झाली होती. शेवटपर्यंत पेन्शन आणायला कुणीतरी तिच्या बरोबर जायचं. नाव मात्र घरात कुणाला आठवत नव्हतं. मी ते त्याला सांगितलं. इथं लिहीत नाही, ते त्यांच्या घरचं आहे.

चावडीवरच्या पाटीत फक्त आकडे आहेत, म्हणून मी लहानपणापासून चिडत आलो. इटलीतल्या एका नदीकाठच्या वहीनं त्या बाईचं नाव आमच्यापेक्षा नीट जपलं होतं.

*

आबांना लढाईचं विचारलं की ते बैलांचं सांगायचे. मी सातवी-आठवीत असेन. शाळेत दुसरं महायुद्ध शिकवलेलं, मला तोफा आणि रणगाडे हवे होते. आबा सांगायचे, "तिकडं बैल हायती. पांढरेफेक. आपल्या खिल्लारापेक्षा वीतभर उंच. पर शिंगं? शिंगं न्हाईत तशी. शिंगं खिल्लाराचीच." मोठा झाल्यावर कळलं, ते तोस्काना-उंब्रियाकडचे क्यानिना जातीचे बैल. जगातल्या सगळ्यात थोराड गुरांत त्यांची गणना होते. आबांनी कुठल्याशा खेड्यात एका म्हाताऱ्याचा नांगर धरून दोन तास चालवला होता. म्हातारा बांधावर बसून रडला म्हणे. त्याचा मुलगा कुठंतरी कैदेत होता. तिथली कुळं जमीनदाराला निम्मं पीक द्यायची, हे त्यांना भाषा न येता कळलं होतं. "तिथंबी अर्धलीनंच कसत्यात," हे ते अशा आपुलकीनं सांगायचे, जणू एखाद्या सोयऱ्याच्या घरची अडचण. भाकरीला ते कधीमधी गमतीनं 'पाने' म्हणायचे. आम्ही पोरं झाडाचं पान समजायचो. पुढं एकदा वाचताना दिसलं, की इटालियनमध्ये पावाला पाने म्हणतात.

याशिवाय ते सांगायचे ते नामदेव जाधवांचं. संगमनेरकडच्या निमजचा हा गडी आबांच्याच बटालियनचा, कंपनीचा रनर, म्हणजे निरोप्या. ९ एप्रिल १९४५ ला सेनियो नदीवर त्यानं जखमी माणसाला पाठीवर घेतलं, खोल पाण्यातून, सुरुंग पेरलेल्या काठावरून मागं आणलं, परत जाऊन दुसऱ्याला आणलं, आणि मग एकट्यानं मशीनगनची ठाणी बंद पाडली. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, इंग्रजांचं शौर्याचं सगळ्यात मोठं पदक. आबांचा आवाज इथं चढायचा. "आमच्याच पलटणीतला!" त्याआधी १९४४ च्या जुलैत, वरच्या टायबर खोऱ्यात, तिसऱ्या बटालियनच्या यशवंत घाडगेंनाही तोच क्रॉस मिळाला होता, मरणोत्तर. माणगाव तालुक्यातला बावीस वर्षांचा मुलगा. इटलीत मोंतोने गावी २०२३ साली त्यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक झालं, तेव्हा मला आबांची फार आठवण आली. नामदेव जाधवांच्या त्या दिवशी सेनियो नदीवर आबा स्वतः काय करत होते, हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

पण शरीरानं सांगितलं. आबा शेतात कधी मोकळ्या रानातून चालायचे नाहीत. गाडीच्या चाकोरीतून, नाहीतर आधी गेलेल्या माणसाच्या पावलावर पाऊल ठेवून. नव्या नांगरटीत शिरायचं असलं की आधी बैल जाऊ देत. मी बांध सोडून पळालो की, एरवी कधी आवाज न चढवणारा हा माणूस असा ओरडायचा की रानातली पाखरं उठायची. आम्हाला वाटायचं, पीक तुडवलेलं त्यांना खपत नाही. जर्मनांनी माघार घेताना शेतं, द्राक्षांचे मळे, नदीकाठ सुरुंगांनी पेरून ठेवले होते, आणि त्यातले काही लाकडी पेटीत भरलेले, म्हणून लोखंड हुडकणाऱ्या यंत्रालाही सापडत नसत, हे मी वाचलं तेव्हा आबांना जाऊन पंचवीस वर्षं झाली होती. वाचता वाचता पुस्तक मिटलं. चाळीस-बेचाळीस वर्षं हा माणूस खटावच्या ज्वारीत सुरुंग चुकवत चालत होता, आणि आम्ही त्याच्या मागून त्याच्याच पावलावर पाऊल टाकत, खिदळत जात होतो.

*

आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी हे लिहायला बसलो.

आबा समुद्रापार गेले तेव्हा आज्जीला दिवस होते. १९४२ च्या उन्हाळ्यात मुलगी झाली. पत्रांत तिला चि. बाळी म्हटलंय. आबांनी तिला पाहिलं नव्हतं, पण १९४३ पासून प्रत्येक पत्रात तिची चौकशी आहे. चालू लागली का? दात आले का? विहिरीची चौकशी तीनवरून एकावर आली आहे.

१९४४ च्या वैशाखात गावात गोवराची साथ आली. तीन दिवसांत बाळी गेली.

दादांनी घरच्यांना एकत्र बसवलं आणि सांगितलं, की ज्याच्या हातात बंदूक आहे आणि समोर शत्रू आहे, त्याला असं लिहायचं नसतं. तो घरी आल्यावर सांगू. आज्जी दाराआड होती. तिला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी तिनं हेच सांगितलं असतं, असं ती म्हणायची. त्यानंतरची घरून गेलेली सहा पत्रं पुडक्यात आहेत. सहाही पत्रांत मास्तरांच्या त्याच वळणदार अक्षरात, "चि. बाळी खुशाल आहे." नुसतं खुशाल लिहून भागायचं नाही, म्हणून मधे मधे भर घातलेली. बोबडं बोलते. कालवडीच्या मागं धावते. ही भर कुठून यायची? शेजारच्या घरातली मुलगी बाळीपेक्षा पाच-सहा महिन्यांनी मोठी होती. तिचं जे चालायचं, ते पत्रात बाळीच्या नावावर जायचं. आज्जी सांगायची आणि मास्तर लिहायचे. दर महिन्याला एकदा ओसरीवर बाळी अशी थोडी मोठी व्हायची.

मग त्या साली दिवाळीच्या सुमाराला आबांचं पत्र आलं. "येथे थंडी फार. येथील लहान मुले कातड्याचे बूट घालतात. चि. बाळीच्या पायाचे माप कागदावर काढून पाठवावे."

मेणकापडाच्या पुडक्यात अगदी तळाशी तो कागद आहे. चार घड्या घातलेला. शाळेच्या वहीचं रेघांचं पान, त्यावर पेन्सिलीनं काढलेला एक डावा पाय, माझ्या तळहातात मावेल एवढा. अंगठ्यापाशी पेन्सिल जरा हललेली. सेन्सॉरचा शिक्का टाचेवर उमटलाय.

माप शेजारच्या मुलीचं.

आबा १९४५ च्या पावसाळ्यात रजेवर आले. रहिमतपूर स्टेशनवर दादा बैलगाडी घेऊन गेले होते. गाडीत ते काय बोलले, कसं सांगितलं, कुणाला माहीत नाही. आज्जीनं पाहिलं ते एवढंच, की दिवेलागणीला गाडी गल्लीत शिरली, आबा उतरले, त्यांच्या हातात फडक्यात बांधलेली एक पुडी होती. ते आपल्या दारात आले नाहीत. आधी शेजारच्या दारात गेले, पुडी त्या घरच्या बाईच्या हातात दिली आणि मग घरी येऊन पाय धुतले. आज्जीनं तांब्या पुढं केला. त्यावर त्या रात्री किंवा पुढं कधीही दोघांत बोलणं झालं नाही. १९४६ ला आबा सुटून कायमचे घरी आले. १९४७ ला माझे वडील झाले.

मी आज्जीला विचारलं होतं, तुला त्यांचा राग नाही आला? सगळ्यांनी मिळून त्यांना फसवलं, त्यांनी तुम्हाला फसवलं? तिला प्रश्नच कळला नाही. "फसवलं कुठं? त्यांनी आमाला जपलं, आमी त्यांना जपलं."

ती शेजारची मुलगी आता ऐंशीच्या पुढं आहे. लग्न होऊन मुंबईला गेली, नवरा माथाडीत होता, घाटकोपरला राहते. गेल्या वर्षी मी तो कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून तिच्याकडं घेऊन गेलो. तिनं चष्मा पुसून पाहिला. मग पायातली चप्पल काढली, सुजलेला, भेगा पडलेला डावा पाय पुढं केला आणि कागद त्याच्या शेजारी धरला. बराच वेळ काही बोलली नाही.

बूट तपकिरी होते, बाजूला बकल. बोटभर वाढ धरून आणलेले, म्हणून दोन दिवाळ्या तिला आले. मग तिच्या धाकट्या भावानं घातले.

"मला काय आठवणार बाबा, मी केवढीशी," ती म्हणाली. "आई सांगायची. मास्तरांनी वहीचं पान जमिनीवर ठेवलं, मला उभं केलं. पेन्सिलीनं गुदगुल्या व्हायच्या, मी पाय काढून घ्यायची. म्हणून तुझ्या आज्जीनं माझा पाय धरला. दोन्ही हातांनी. माप झालं, मास्तरांनी कागद काढून घेतला, घडी घातली, उठून गेले. आई सांगायची, तरी तुझी आज्जी तशीच बसली होती. पाय सोडतच नव्हती."